हवेला भिणारा माणूस

माझ्या मुलाच्या गाडीला मागच्या बंपरवर छोटे गोल सेन्सर आहेत. गाडी मागे घेताना काही आडवं आलं की आत पीं-पीं वाजतं. मुलगा वळून बघत नाही, वाजेपर्यंत बिनधास्त मागे येतो. हवा उकाड्याची, दमट असली आणि त्याने गाडी सुरू केली की मी गेटपाशी थांबत नाही. पायऱ्या चढून ओट्यावर जातो.

"बाबा, अंगावर घालणार आहे का मी गाडी तुमच्या?" तो हसतो.

मीही हसतो, पण खाली उतरत नाही. ही भीती मला एका माणसाकडून लागली, आणि तो माणूस आता नाही.

नाशिकला, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमची सेन्सर बनवणारी लहानशी कंपनी होती. तिथे ते टेस्टिंगचे प्रमुख होते आणि मी गिऱ्हाइकांकडे जाऊन माल बसवून देणारा. वयाने आणि हुद्द्याने मोठे, म्हणून मी त्यांना साहेब म्हणायचो. बाकीची कंपनी त्यांना पाठीमागे 'वेधशाळा' म्हणायची. कारण त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "हवा कशी आहे?" सकाळी गेटवर भेटलात तरी हाच, ट्रंक भरून गावाहून आलात तरी हाच. माझ्या वडिलांचे दिवस करून मी कामावर परत आलो, तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला, डोळे भरून आले त्यांचे, आणि म्हणाले, "गावाकडे हवा कशी होती रे?"

शर्टाच्या खिशात पेनाशेजारी थर्मामीटर असायचा. डब्याच्या पिशवीत, पोळ्यांच्या वर, हवेतला दमटपणा दाखवणारी एक काचेची तबकडी. जेवायला बसले की आधी तबकडी बाहेर, मग पोळी.

जुन्या लोकांमध्ये त्यांची एक गोष्ट अजून सांगतात. भित्रा माणूस ट्रॉलीसमोर कसा रडत उभा राहिला, घाबरून कसा पुढे सरकला आणि कसा मोडून पडला. गोष्ट हसत सुरू होते आणि 'बिचारा' या शब्दावर संपते. ती गोष्ट ज्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाली, तो मी. ती खोटी आहे. खरं काय घडलं ते सांगण्याआधी तो माणूस कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर काही कळणार नाही.

आमचे सेन्सर आवाजावर चालायचे. आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज ते पुढे फेकतात. तो समोरच्या वस्तूवर आपटून परत आला की समोर काहीतरी आहे हे त्यांना कळतं. यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. वटवाघूळ करतं तसंच. मधे दुसरं काही नसतं, फक्त हवा. आणि साहेबांचा सगळ्या जगात फक्त हवेवर विश्वास नव्हता.

"हवा आवाज खाते," ते म्हणायचे. "थंड सकाळी कमी खाते. गरम आणि दमट झाली की अधाशासारखी खाते. भट्टीसमोर तर वाकवते त्याला, भलतीकडेच नेऊन सोडते. जो सेन्सर डिसेंबरात खांब लांबून बघतो, तो उकाड्यात जवळ गेल्याशिवाय बघत नाही. आणि खांबाचं सोड, माणूस तर मऊ असतो. कपडे घातलेला माणूस आवाज परत द्यायला आणखी कंजूष."

हे त्यांनी पुस्तकातून घेतलं असेल, पण खात्री केली ती स्वतःच्या घरी. न्हाणीघरात गीझर चालू करून, दार लावून, वाफेत सेन्सर टांगून बसायचे. मी एकदा रविवारी काही कागद द्यायला सिडकोतल्या त्यांच्या घरी गेलो, तर वहिनी टॉवेल खांद्यावर टाकून दाराबाहेर उभ्या.

"बघा तुमचे साहेब," त्या म्हणाल्या. "सकाळपासून आंघोळ चाललीय. त्यांची नाही, त्या डबीची."

आतून आवाज आला, "कोण आलंय? हवा कशी आहे बाहेर?"

"बाहेर या आणि बघा!" वहिनी ओरडल्या. त्यांची मुलगी, तेव्हा कॉलेजात होती, स्वयंपाकघरात हसून हसून बेजार झाली होती. स्वयंपाकघरही सुटलेलं नव्हतंच. कुकरच्या शिट्टीच्या समोर कपाटाला अजून एक सेन्सर चिकटवलेला होता.

मालकांशी त्यांचं भांडण एकाच गोष्टीवर. सेन्सर किती लांबचं बघतो तो आकडा कॅटलॉगमध्ये छापावा लागतो. आमचं टेस्टिंग एसीच्या खोलीत व्हायचं, पत्र्याच्या चौकोनासमोर. तिथला आकडा मोठा यायचा. बाजारात सगळे तोच छापत. साहेब त्याला काट मारून लहान आकडा लिहायचे.

"साहेब, अहो समोरचा दुप्पट लिहितो," मालक म्हणायचे. "आपण काय आंधळे सेन्सर विकतो का?"

"तो एसीतला आकडा आहे. मला पावसाळ्यातल्या भट्टीसमोरचा दाखवा."

"गिऱ्हाईक एसीत बसून ऑर्डर देतो, साहेब."

"पण मरतो बाहेर," साहेब म्हणायचे, आणि खोलीतली सगळी माणसं एकदम आपापल्या कागदात बघायला लागायची.

असं बोलणारा माणूस शूर असेल असं वाटतं. साहेब शूर नव्हते. इतका घाबरट माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. उभ्या ट्रकच्या समोरून ते कधी गेले नाहीत. ड्रायव्हर चहाच्या टपरीवर बसलेला दिसत असला तरी मागून वळसा घालायचे. लिफ्टचं दार बंद व्हायला लागलं की हात मधे घालणारे लोक बघून त्यांना घाम फुटायचा. माझ्या स्कूटरवर मागे बसले की माझा खांदा असा आवळायचे की घरी गेल्यावर वळ दिसायचे. "पुढची गाडी दिसतेय का?" "दिसतेय, साहेब." "दिसतेय नको सांगूस. किती लांब आहे ते सांग." त्र्यंबक रोडला धुकं असलं की उतरून चालत यायचे.

मी एकदा न राहवून विचारलं, "इतकी कशाची भीती वाटते तुम्हाला?"

त्यांना राग आला नाही. म्हणाले, "मला माहीत आहे ना, की त्यांना आपण दिसत नाही. यंत्राला, गाडीला, कुणालाच. मधे हवा आहे. तुम्हा लोकांना वाटतं आपण दिसतोय."

आता हा असा माणूस, आणि याने कंपनीत एक पद्धत पाडली. ट्रॉली, क्रेन, असं जे यंत्र माणसावर चालून येऊ शकतं, त्याला आमचा सेन्सर बसवला की शेवटची चाचणी पत्र्यावर करायची नाही. ज्याने आकडा लिहिला त्याने समोर उभं राहायचं. आकडा तेच लिहायचे, म्हणून तेच उभे राहायचे.

ते दृश्य ज्याने पाहिलंय तो विसरणार नाही. आधी हवा बघायचे. मग पायाखालची जागा. खडूने रेघ मारायचे आणि रेघेवर बूट जुळवायचे. गुडघे थरथरत असायचे, पँट हलताना दिसायची. मग चष्मा काढायचे आणि माझ्या हातात द्यायचे. चष्म्याशिवाय त्यांना दोन हातांपलीकडचं काही दिसत नसे.

"चष्मा का काढता?" मी पहिल्या वेळी विचारलं होतं.

"मला दिसलं तर मी हलेन. आणि मी हललो तर चाचणी कसली? मला नको दिसायला. त्याला दिसू दे." मग थरथरत्या आवाजात विचारायचे, "सगळं आपण ठरवलं तसंच आहे ना रे?"

"हो साहेब."

"मग सोड."

ट्रॉली यायची, लांबवरच थांबायची. साहेब डोळे मिटून उभेच. मी जाऊन चष्मा डोळ्यांवर चढवायचो, तेव्हा त्यांना कळायचं की झालं. पुढे दिवसभर हात थरथरायचे, चहा बशीत सांडायचा. पण कधी हलले नाहीत. एकदाही नाही.

लासलगावच्या अलीकडे कांदा सुकवण्याचा एक कारखाना होता. चिरलेला कांदा ट्रेमध्ये पसरायचा, ट्रे मांडणीवर रचायचे आणि ती मांडणी रुळावरच्या ट्रॉलीवरून गरम हवेच्या बोगद्यात ढकलायची. ट्रॉली मोटरवर चालायची. तिच्यासमोर माणूस आला तर ती थांबावी म्हणून आमचे सेन्सर. साहेब महिनाभर तिथे जाऊन येऊन होते. बोगद्याचं दार उघडलं की कांद्याच्या पाण्याने जड झालेली गरम वाफ बाहेर यायची. त्यांनी तिथे सेन्सर किती लांबचं बघतो ते मोजलं आणि त्याप्रमाणे ट्रॉलीचा वेग ठरवून नॉबवर खूण केली. हळू. थांबायला जेवढं अंतर लागतं तेवढ्यात थांबेल इतका.

कारखान्याच्या मॅनेजरला तो वेग पसंत पडला नाही. "ही काय पालखी आहे का?" तो मला म्हणाला. "माल सडेल माझा. वेग वाढवून द्या, नाहीतर उचला तुमचा माल." मालकांचा मला फोन आला. पुढच्या वर्षी त्याच गिऱ्हाइकाचे आणखी कारखाने होणार होते. "तुम्ही समजूतदार आहात," मालक म्हणाले. "म्हाताऱ्याला कशाला विचारता?"

चाचणीच्या दिवशी मी साहेबांच्या आधी पोचलो. सकाळची वेळ, बोगदा अजून पेटवला नव्हता, दारं बंद, शेडमध्ये गार. कुणालाही न सांगता मी वेगाचा नॉब वाढवला. रुळावर प्लास्टिकचं क्रेट ठेवलं आणि ट्रॉली सोडली. छान थांबली. क्रेटपासून चांगली लांब. पुन्हा सोडली, पुन्हा थांबली. मला खरंच वाटलं की साहेब उगाच भितात. ठरवलं, चाचणी झाली की सांगू. हसतील, दोन शिव्या देतील.

माणसाऐवजी क्रेटसमोर, थंड हवेत, मोठा आकडा. जन्मभर ज्या गोष्टीवरून ते सगळ्यांशी भांडले, तीच मी त्यांच्या पाठीमागे केली होती.

साहेब दुपारी आले. तोवर बोगदा तापलेला, पाऊस नुकताच सरून ऑक्टोबरची उकड सुरू झालेली. दार उघडून माणसं ट्रे आत लावत होती. वाफ बाहेर लोटत होती आणि कांद्याने सगळ्यांच्याच डोळ्यांना धारा लागल्या होत्या. माझ्या, मॅनेजरच्या, ट्रॉली चालवणाऱ्याच्या. रडत उभे होते असं म्हणतात ना, ते हे रडणं.

"आज लय वाफ हाय, साहेब," ट्रॉली चालवणारा म्हणाला. नामपूरकडचा होता, हसरा.

"चांगलं आहे," साहेब म्हणाले. "वाईट हवेतच बघायला पाहिजे." तबकडी बघितली आणि ओठ घट्ट मिटले. "फार वाईट आहे," माझ्याकडे वळून हळूच म्हणाले. मग खडूची रेघ. बूट. चष्मा.

तो चष्मा हातात आला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. घामाने ओला होता. त्या क्षणी मी नुसतं 'थांबा' म्हटलं असतं, तर चाललं असतं. मॅनेजर कडेला उभा होता. मी काही बोललो नाही.

"सगळं आपण ठरवलं तसंच आहे ना रे?"

"हो साहेब."

"मग सोड."

चालवणाऱ्याने पॅनेलकडे वळून बटण दाबलं. मॅनेजर रुमालाने डोळे पुसत होता. साहेबांकडे बघणारा मी एकटाच होतो.

चाकांचा आवाज सुरू झाला तसे साहेबांचे कान टवकारले. महिनाभर त्यांनी तो आवाज ऐकला होता. मान किंचित माझ्या दिशेला वळली, डोळे मिटलेलेच. "आवाज वेगळा येतोय रे," ते म्हणाले.

"ठीक आहे, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी मान पुन्हा सरळ केली.

वाफेतून ट्रॉली येताना मला दिसत होती. ती थांबायच्या जागी थांबली नाही. त्यानंतर ती थांबायला लागली, चाकं किंचाळली, पण पुढे अंतरच उरलं नव्हतं. साहेबांना ते किंचाळणं ऐकू गेलं असणार. भांडं पडलं तरी दचकणारा तो माणूस रेघेवर बूट जुळवून उभा राहिला, कारण मी ठीक आहे म्हणालो होतो. ट्रॉलीने त्यांना कमरेत घेतलं आणि ते आडवे पडले.

त्यांना गाडीत घालून नाशिकला नेईपर्यंत शेडमध्ये गोंधळ होता. त्या गोंधळात मी पॅनेलपाशी गेलो आणि वेगाचा नॉब पुन्हा साहेबांच्या खुणेवर आणून ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेला. दुसऱ्या दिवशी मालक आणि मॅनेजर तपासायला आले तेव्हा वेग बरोबर होता. त्या वेगाने ट्रॉली वाफेतही व्यवस्थित थांबली.

"मग हे झालं कसं?" मालकांनी मला विचारलं.

"घाबरले ते," मी म्हणालो. "रेघ सोडून पुढे आले."

कुणाला जरासुद्धा शंका आली नाही. वेधशाळा घाबरली, यात अविश्वास ठेवण्यासारखं काय होतं?

दवाखान्यात मी चष्मा घेऊन गेलो. खुब्याचं हाड मोडलं होतं. चष्मा लावल्यावर त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता म्हणतील, आवाज वेगळा होता. मी तयार होतो. तेव्हा विचारलं असतं तर कदाचित सांगून टाकलं असतं.

"मला शेवटचं काही आठवत नाही," ते म्हणाले. "मी हललो का रे?"

वहिनी उशाशी बसल्या होत्या.

"थोडेसे, साहेब," मी म्हणालो. "पुढे."

त्यांनी डोळे मिटले. "वाटलंच मला," ते म्हणाले. "शेवटी हललोच."

त्यानंतर ते कंपनीत आले नाहीत. मालक बोलवत होते, बसून काम करा म्हणत होते. साहेबांनी निरोप पाठवला की जो हलतो त्याने आकडा लिहू नये. समोर उभं राहायची पद्धत बंद पडली. पुढच्या कॅटलॉगमध्ये एसीतला आकडा छापला गेला आणि मी तो माल गावोगाव बसवत फिरलो. कुठे कुठे बसवला ते सगळं आता आठवतही नाही. पेपरात कुठल्या कारखान्यात कुणी यंत्राखाली आल्याची बातमी दिसली की मी आधी गाव बघतो, मग महिना बघतो. उकाड्याचा असला की पुढचं वाचवत नाही. आमचं सामान तिथे नसेलही, पण मी पेपर मिटून ठेवतो.

साहेबांना मी नंतर दोन-चारदा रस्त्यात पाहिलं, काठी घेऊन, ट्रकला मागून वळसा घालताना. मी गल्ली बदलली.

या पावसाळ्यात ते गेले. भेटायला जुने लोक जमले होते. कुणीतरी ती गोष्ट काढली, प्रेमानेच काढली. साहेब रडले कसे, सरकले कसे. सगळे हळूच हसले. त्यांची मुलगी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. आता तिचेही केस पिकलेत.

"आमच्याकडे बाबा स्वतःच सांगायचे ही गोष्ट," ती म्हणाली. "कुणी त्यांच्या कामाचं कौतुक केलं की लगेच. म्हणायचे, कौतुक नको, ऐन वेळी मी हललो होतो."

माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

आठवडाभराने मी एकटा पुन्हा गेलो. मुलगी एकटीच घरी होती. वहिनी आधीच गेल्यात. कपाटाला सेन्सर चिकटवल्याची खूण अजून आहे. मी बसलो, आणि बोलण्याआधी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिचा चेहरा दिसला असता तर मी हललो असतो.

सगळं सांगितलं. नॉब, क्रेट, 'ठीक आहे, साहेब', दवाखाना. समोर फक्त एक धूसर आकार होता. पंखा चालू होता. माझे गुडघे थरथरत होते, पँट हलत असणार. त्या रेघेवर काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं.

शेवटी ती बोलली. आवाज अगदी साधा होता.

"त्या दिवशी हवा कशी होती?"

"गरम," मी म्हणालो. "आणि फार दमट. त्यांनी मोजली होती. फार वाईट आहे, असं मला म्हणालेही होते."

"म्हणजे त्यांना माहीत होतं."

"हो."

"आणि तरी ते हलले नाहीत."

"नाही. बूट रेघेवरच होते."

ती उठली. मला वाटलं दार उघडेल आणि जा म्हणेल. ते तिने केलं असतं तर बरं झालं असतं. तिने माझा चष्मा उचलला आणि माझ्या हातात दिला. डोळ्यांवर चढवला नाही.

"कंपनीतले ते जे सगळे हसले ना," ती म्हणाली, "त्यांना वाचता येईल असं लिहा. नाव नका टाकू, त्यांचंही नको आणि तुमचंही नको. त्यांना कळेल. आणि लिहून झालं की मग या, आत्ता जा."

मी बाहेर आलो. गल्लीत एक ट्रक उभा होता. मागून वळसा घालून घरी आलो आणि लिहायला बसलो.

ते हलले नव्हते.